नव्या टायरचा आठवडा

मला कुणी चारचौघांत शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हा माझा जुना रोग आहे. लग्नाआधी आईनं त्याच्यापायी पुष्कळ तोंड वाजवलं, लग्नानंतर नवऱ्यानं, पण गुण काही आला नाही. तीन वर्षांखाली ह्याच रोगापायी माझ्या सासूबाईंचा हात मोडला. तो कसा मोडला ते आधी सांगते, म्हणजे नव्या टायरचं मी एवढं का लावून धरते ते कळेल.

आमचं गाव मंठ्यापासून जवळ. मी जालन्याच्या एका बियाणं कंपनीत प्लॉट सुपरवायझर आहे. कंपनीसाठी शेतकरी आपल्या रानात मिरचीचं, भेंडीचं, कपाशीचं बी तयार करतात, आणि ते बराबर होतंय की नाही हे बघत मी दिवसभर गावोगाव हिंडते. काळ्या रानातल्या गाडीवाटेला स्कूटी टिकत नाही, चिखलात रुतून बसते. म्हणून मी पहिल्यापासून मोटरसायकलच घेतली. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात. लेक शिकायला त्याच्याजवळ, तिथंच खोली केली आहे, सुट्टीला दोघं येतात. घरी आम्ही तिघं: मी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई.

बाईनं मोटरसायकल चालवायची म्हणल्यावर गावात जे बोलायचं ते लोक बोलले. पण आत्याबाईंनी एका दिवसात सगळ्यांची तोंडं बंद केली. बाजाराच्या दिवशी नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन त्या माझ्यामागं बसल्या आणि पारासमोरून जाताना मला म्हणल्या, हॉर्न वाजव. मी वाजवला. त्या म्हणल्या, अजून वाजव. तेव्हापासून बाजार असो, दवाखाना असो, कुणाचं लग्न असो, एसटीची वाट बघणं त्यांनी सोडूनच दिलं. एका हातानं माझा खांदा धरायच्या आणि वाटेनं कुणाची तूर कशी आहे, कुणाच्या बांधावर गवत माजलं, ह्याची उजळणी चालायची. मला तर कधी कधी वाटायचं, ह्या बाईला गाडीचं वेड माझ्यापेक्षा जास्त आहे.

मग गाडीचे टायर गुळगुळीत झाले. कंपनीच्या मीटिंगला जालन्याला गेल्ते, तेव्हा एमआयडीसीच्या रस्त्यावर एका टायरवाल्याकडं गाडी लावली. म्हातारा माणूस, हात कोपरापर्यंत काळे. दोन्ही नवे टायर बसवून झाल्यावर तो मला सांगायला लागला, की बाई, शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, एकदम ब्रेक मारू नका, वळणावर गाडी जास्त आडवी घालू नका. दुकानात बाकावर दोन पुरुष बसलेले, चहा पिऊन राह्यलेले. बाईला गाडीचं शिकवणं चाललेलं बघून दोघं गालात हसले. झालं, माझं डोकं गेलं. मी म्हणले, दादा, गाडी मी रोज चालवते, तुम्ही टायर बसवा. मी किक मारली आणि धूळ उडवत निघाले, त्या दोघांना दिसेल अशी.

दुसऱ्या दिवशी बाजार. आत्याबाई मागं. सकाळची वेळ, रस्त्याला दवानं ओल आलेली, आणि मी रोजच्यासारखी सुसाट. ओढ्याच्या पुलाआधी वळण आहे, तिथं समोरून शेरडं आडवी आली. मी गाडी वळणात घातलेली, त्यात दचकून ब्रेक दाबला. मागचं चाक असं सटकलं की मला काही कळायच्या आत आम्ही दोघी रस्त्यावर. माझे गुडघे खरचटले, तेवढंच. आत्याबाई हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. तशा अवस्थेतही त्यांनी आधी मला विचारलं, तुला कुठं लागलं का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्लास्टर बसलं, निघालं, हात बरा झाला. घरात मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मामा चार दिवस माझ्याशी बोललेच नाहीत, गाडी गोठ्यात उभी होती. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः ती बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि म्हणले, जा कामाला. मला वाटलं, राग उतरला असेल.

पण आत्याबाई त्यानंतर माझ्या गाडीवर बसल्या नाहीत. एकदाही नाही. बाजाराला चला म्हणलं की त्यांचा गुडघा दुखायचा. दवाखान्यात नेते म्हणलं की चक्कर यायची. कधी लुगडं चाकात अडकंल म्हणायच्या, जे आधीच्या एवढ्या वर्षांत कधी अडकलं नव्हतं. आणि मग त्याच दुखऱ्या गुडघ्यानं फाट्यापर्यंत चालत जाऊन एसटीची वाट बघत उभ्या राहायच्या. त्यांच्या शेजारून रिकाम्या सीटची गाडी घेऊन मला पुढं जावं लागायचं. त्या हात हलवून हसायच्या, मी पण हसायची. ह्या बाईचा माझ्यावरचा भरवसा गेला, हे मला खात असायचं. कुणाजवळ बोलायची सोय नव्हती, कारण चूक माझी होती.

यंदा दसऱ्याच्या आधी टायर परत झिजले. मी ठरवलं, ह्या वेळेला ह्या बाईला परत मागं बसवायचंच. पण आधी टायर नीट मुरवायचे, बिलकुल घाई करायची नाही. आणि त्यासाठी त्याच म्हाताऱ्याकडं जायचं.

गेले. दुकान तसंच, बाक तसाच, फक्त त्याच्यावर ह्या वेळेला दुसरे कुणी दोघं. मी स्टूल ओढून म्हाताऱ्याजवळ बसले आणि म्हणले, दादा, मागं मी तुमचं ऐकलं नाही, आता सगळं सांगा. त्याला मी आठवत असेन असं काही नाही. त्यानं वर बघून विचारलं, पडल्या का. म्हणलं, हो. कुणाला लागलं? म्हणलं, सासूला. त्यानं हातातली टायर उचकटायची टॉमी खाली ठेवली, हात पुसले, आणि मग माझी शाळा घेतली. बाकावरचे दोघं ऐकत होते. मी मुकाट्यानं बसले. माझ्या आईनं बघितलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं.

तो म्हणला, नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर चकाकी असते. ती चकाकीच घात करते. रस्त्यावर घासून ती गेली की रबर खरबरीत होतं आणि मग ते रस्ता धरतं. ती घासायची पण हळूहळू, आधी मधला पट्टा, मग दोन्ही अंगं. म्हणून पहिले दिवस सरळ चालवायची, वळणं सावकाश घ्यायची, रोज थोडी थोडी जास्त कलती करायची. ब्रेक लांबूनच, हळू दाबायचा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. ओल्या रस्त्यावर, वाळूवर, रंगाच्या पट्ट्यांवर तर जास्तच जपायचं. हवा सकाळी टायर गार असताना मोजायची, गाडी पळवून आल्यावर नाही. मी विचारलं, उन्हात उभी करून टायर गरम केले तर लवकर मुरतील का? तो हसला. "उन्हात तापलेला टायर येगळा, बाई, अन् चालून तापलेला येगळा. चालून तापला की तो आतून मऊ पडतो. रोज सकाळी पयले दोन-चार किलोमीटर त्याला चालू द्या, मंग त्याच्याकडून काम घ्या."

मी ते सगळं फील्ड डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. बाकावरच्या एकानं पण मान लांब करून वाचलं.

जालन्याहून मंठ्याकडं येताना जी माझी परीक्षा झाली ती मलाच माहीत. पोरंटोरं पुढं गेली. ट्रॅक्टर पुढं गेले. दुधाच्या कॅनी लावलेला एक माणूस मोपेडवर पुढं गेला आणि वळून बघून गेला, ह्या बाईला काय झालंय म्हणून. हात नुसते शिवशिवत होते माझे. एरवी मी त्याला धूळ चारली असती. पण मी मनातल्या मनात आत्याबाईंना मागं बसवलं होतं, आणि तेवढ्यानं हात आवरत होता.

तो आठवडा गावाला करमणूक झाली. प्लॉटवर गेले की शेतकरी विचारायचे, मॅडम, गाडी आजारी हाय का. मिरचीच्या रानात फुलांवर हातानं पराग लावणाऱ्या बाया तर लांबून बघूनच हसायच्या, की आली बघा आमची बैलगाडी. एकीनं मला सांगितलं की तिच्या सासऱ्यांनी सायकलवर मला मागं टाकलं, आणि तेव्हापासून ते घरात कुणाचं ऐकून घेत नाहीत. मी पण हसून घेतलं. डायरीत रोजचे किलोमीटर लिहायचे, किती वळणं नीट गेली ते लिहायचं.

घरी मामांचं लक्ष होतं. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बैल होते. शेवटची जोडी गेल्यापासून मामांना हात लावायला म्हणून दुसरं जनावर उरलं नाही, तर ते माझ्या गाडीलाच हात लावत बसायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते टायरजवळ उकिडवे बसले. नव्या टायरला बारीक बारीक रबराचे केस असतात. ते बोटानं ओढून बघत त्यांनी विचारलं, ह्याचं जावळ काढायचं का. मी म्हणले, राहू द्या मामा, ते आपोआप जातंय. मग त्यांनी विचारलं, तू अशी मेल्यासारखी का चालवून राह्यली. मी त्यांना चकाकीचं, खरबरीत होण्याचं, सगळं सांगितलं. त्यांनी टायरवर पालथा हात फिरवला. मग म्हणले, "बराबर हाय. नव्या गोऱ्ह्याला पयल्या दिशी भरली गाडी कोण जुपतंय? आधी रिकामं जू ठिवायचं मानंवर, मंग नुसतं लाकूड वढायला लावायचं."

तिथून पुढं टायर मुरवायचं काम माझं राहिलंच नाही, ते मामांचं झालं. रोज संध्याकाळी चौकशी. आज किती चालवली? ब्रेक कुठं दाबला? एक दिवस त्यांनी टायर बघून मला फैलावर घेतलं, की उजव्या अंगाची चकाकी गेली पण डावं अंग तसंच आहे, तू डावीकडं कमी वळून राह्यली. मी बघितलं तर खरंच. गावोगावचा फेरा घेताना माझी जास्त वळणं उजवीकडची पडत होती किंवा मी डावीकडं भीत होते, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लांबच्या वाटेनं आले. पुलाजवळच्या वळणावर बघते तर मामा दगडावर बसलेले, माझं वळण बघत. मी विचारलं, इथं काय करून राह्यले. म्हणले, बसलो असाच. मला मजा वाटली. माणसाला जनावराची एवढी सवय असावी की टायर वळताना बघायला मैलभर चालत यावं.

चौथ्या दिवशी मी आत्याबाईंजवळ विषय काढला. त्यांचा थोरला भाऊ अंकुशनगरला राहतो. साखर कारखान्यात नोकरी केली आणि तिथंच घर करून राहिला. दर दसऱ्याला आत्याबाई त्याला सोनं द्यायला जायच्या. हात मोडल्यापासून ते पण बंद पडलं होतं, कारण एसटी बदलत बदलत सणाच्या दिवशी तिथं पोचेपर्यंत दिवस मावळतो. मी म्हणले, आत्याबाई, यंदा दसऱ्याला मी नेते तुम्हाला, हळूहळू जाऊ, तोवर टायर मुरतील. त्या मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी एकदा मामांकडं बघितलं, मामा अंगणात बघत होते. मग त्या म्हणल्या, बघू.

ह्या 'बघू'चा मला एवढा संताप आला की मी पातेलं दणकन ओट्यावर आपटलं. मनात आलं, एवढं मी चार दिवस रांगत येऊन राह्यले, सगळ्या तालुक्याचं हसं सोसून राह्यले, आणि ह्यांचं अजून बघू. पण बोलले नाही. चूक माझी होती हे तीन वर्षं झाली तरी विसरता येत नव्हतं.

दसऱ्याचा दिवस उजाडला. लेक आणि नवरा संध्याकाळी यायचे होते, कारण कारखान्यात मशीनची पूजा असते. मी पहाटेच उठून टायरची हवा बघितली, गाडी धुतली, आणि पुरणाला लागले. बाहेर मामांचं काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं, पण सण म्हणल्यावर मामा गप बसत नाहीत, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पूजेचं ताट घेऊन अंगणात आले.

गाडी पोळ्याच्या बैलासारखी सजवलेली होती. हँडलला झेंडूचा हार, टाकीला हळदकुंकू, आरशाला गोंडे. आणि दोन्ही टायर काळेभोर, ओलसर, लखलखत. शेजारी करडईच्या तेलाची वाटी. मामा फडक्यानं शेवटचा हात फिरवत होते, नुसतं कडेलाच नाही, जिथं टायर रस्त्याला टेकतो तिथंसुद्धा, नक्षीच्या खाचाखाचांत बोट घालून. जिवापाड.

आठवडाभराचं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तोंडाला लगाम मला कधी नव्हताच. मी म्हणले, "मामा, एकदा त्यांचा हात मोडला. आता काय जीव घ्यायचा का त्यांचा?"

हे मी सासऱ्याला म्हणले. सणाच्या दिवशी, हातात पूजेचं ताट घेऊन. शेजारपाजारचे लोक कुंपणावरून बघत होते. मामा फडकं हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांनी एकदा टायरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग हळू आवाजात म्हणले, की खुरांला लावायचो मी तेल. पोळ्याला. तेलानं खूर फुटत न्हाई.

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. ह्या माणसानं आठवडाभर माझ्या टायरची काळजी वाहिली होती, आणि त्याला जे सगळ्यात चांगलं येत होतं ते त्यानं केलं होतं. मी ताट खाली ठेवलं.

तोवर आत्याबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी नुसतं बघितलं आणि सगळं ओळखलं. मला म्हणल्या, पाणी तापवायच्या चुलीतली राख आण. मामांना म्हणल्या, तुम्ही हार काढा, भिजंल. मग आम्ही तिघं लागलो. आधी राख चोळली, तेल प्यायला. ती झटकली, परत चोळली. मग उकळतं पाणी आणि कपड्याचा साबण, आणि नारळाच्या शेंड्यांनी घासणं. मामा मागच्या चाकावर, मी पुढच्या चाकावर, आत्याबाई पाणी टाकत. मामांनी जे घासलं, मी आजवर असं कुणाला घासताना बघितलं नाही. तीनदा धुतले टायर. दर वेळेला मी कोरड्या कागदानं पुसून बघायची, कागदावर तेलाचा डाग येतो का म्हणून. तिसऱ्या वेळेला आला नाही. घासताना कधीतरी माझ्या तोंडून निघालं, की मामा, चुकलं माझं. ते म्हणले, "चुकलं तर माझं. तेल मी लावलं." आणि परत घासायला लागले.

टायर सुकले. मी एकटी निघाले. आधी घरामागच्या मुरमाच्या वाटेवर, चालत्या माणसाच्या वेगानं. मग डांबरी रस्त्यावर. टायर गरम होईपर्यंत सरळ चालवली, मग हळू ब्रेक दाबून बघितला, मग थोडा जोरात. वळणावर जराशी कलती केली. धरत होते. बराबर धरत होते. मी परत आले तेव्हा माझा ऊर भरून आला होता, पण आता आत्याबाई बसणार नाहीत हे पण मला पक्कं माहीत होतं. तेलाचं बघितल्यावर कोण बसेल?

अंगणात मामा टोपी घालून, धोतराचा सोगा खोचून उभे होते. म्हणले, थांब, मी बसतो.

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडं सासऱ्यासमोर मी आजही डोक्यावरचा पदर सावरते. मामा माझ्यामागं गाडीवर कधी बसले नव्हते, आणि बसतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पाऊस असो, ऊन असो, ते फाट्यापर्यंत चालत जायचे, पण सुनेमागं एका सीटवर बसायचे नाहीत. त्यात दसरा, सगळा गाव ओट्यावर. मी म्हणले, मामा, अहो लोक बघून राह्यले. ते म्हणले, बघू दे.

बसले. दोन्ही हातांनी मागचा कॅरिअर घट्ट धरला. पारासमोरून गेलो तेव्हा पारावरची माणसं बोलता बोलता थांबली. मामांनी कुणाकडं बघितलं नाही. मी पुलापर्यंत गेले. वळणात गाडी कलती झाली तशी मामांनी पण अंग कलतं केलं, जाणत्या माणसासारखं. पुलावर फिरवून परत येताना ते एकदाच बोलले, की आता जरा जोरात दाब ब्रेक. मी दाबला. गाडी सरळ थांबली. त्यांनी वाकून टायरकडं बघितलं आणि म्हणले, चल घरी.

घरी उतरून त्यांनी खोचलेला सोगा सोडला, टोपी सारखी केली, आणि आत्याबाईंना म्हणले, "जा तू. माझ्याकडून मोकळी."

आत्याबाई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या, हातात पिशवी. भरलेली. म्हणजे आधीच भरून ठेवलेली. तीन वर्षं खुंटीवर लटकत असलेलं त्यांचं हेल्मेट त्यांनी स्वतःच डोक्यावर चढवलं आणि गुडघ्याचं नाव न काढता टुणकन बसल्या. मामांनी आपट्याची पानं त्यांच्या पिशवीत घातली. माझ्याकडं बघून म्हणले, सावकाश.

परतूर मागं पडेपर्यंत आत्याबाईंचं चाललं होतं, की ही कपाशी बघ, ह्याचं सोयाबीन निघालं बघ, ह्यानं बांधावर घर बांधलं बघ. हात माझ्या खांद्यावर. मला इतकं बरं वाटत होतं की बोलू नये असं वाटत होतं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. शेवटी मी विचारलं, की मामा म्हणले मोकळी, ते कशातून मोकळी?

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला. मग माझ्या कानाजवळ येऊन म्हणल्या, "आता सांगायला हरकत न्हाई. आपण पडलो ना, तवा तुझी गाडी इकायला निघाल्ते हे. गिऱ्हाईक बी आणलं होतं. म्हणले, नोकरी जाऊ दे, तुम्ही दोघी जित्त्या राहा. चार दिवस मी भांडले. मंग मी म्हणलं, तिची गाडी तिला राहू द्या, मी बसणार न्हाई तिच्यामागं. तुम्ही व्हय म्हणस्तोवर बसणार न्हाई. तवा कुठं त्यांनी गिऱ्हाईक माघारी धाडलं."

मला पुढचा रस्ता दिसेना. ब्रेक करकचून दाबावा असं आतून आलं, पण हातानं ऐकलं नाही. आठवडाभराची सवय. मी वेग कमी करत करत गाडी कडेला घेतली, एका लिंबाखाली उभी केली, आणि हेल्मेट काढून ढसाढसा रडले. फाट्यावर त्या एसटीची वाट बघत उभ्या असायच्या, आणि मी माझ्या नोकरीला जात असायची. ती नोकरी त्यांनी तिथं उभं राहून राखली होती.

"सांगायचं तरी मला," मी म्हणले.

आत्याबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं. "सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी भांडली असतीस," त्या म्हणल्या, "अन् गाडी गेली असती."

हे बिलकुल खरं होतं. मला रडता रडता हसू आलं, त्यांना पण आलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका जीपवाल्यानं आम्हा दोघींना असं रडता-हसताना बघून वेग कमी केला, काही मदत पाहिजे का म्हणून. आत्याबाईंनी त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं.

मग त्या परत मागं बसल्या. भाऊ जेवायचा थांबला असेल म्हणल्या. मी किक मारली आणि सावकाश निघाले. पुढच्या गावात लोक रस्त्यालगत बसलेले दिसले, तेव्हा त्या मला म्हणल्या, हॉर्न वाजवू नको आता, नुसतं चालू दे, मला बसू दे जरा.